पितळेचा कीस

तळहातावरची पितळी पुंगळी उन्हात फिरवली तशी तिच्या तोंडाच्या कडेवरून एक बारीक चकाकी पळत गेली आणि एका जागी अडखळली. उमानं ती पुन्हा फिरवली. पुन्हा अडखळली. — ऊनच हलतंय, गाडी वळणावर आहे... खोपोलीची गाडी पळसधरी सोडून पुढं निघाली होती, खिडकीतलं दुपारचं ऊन क्षणात मांडीवर, क्षणात समोरच्या रिकाम्या बाकावर पडत होतं, आणि असल्या उजेडात कुठल्याही वस्तूची कड अडखळणारच. तिनं पुंगळी बाकीच्यांबरोबर कापडी पिशवीत टाकली, नाडी ओढली आणि बाहेर पाहिलं. भात पिवळं पडलं होतं. काही खाचरांत कापणी होऊन गेली होती आणि तिथं बगळे अगदी मालकीहक्कानं फिरत होते.

शनिवारची सकाळची शाळा आटपून, सातवीच्या पोरांच्या डोक्यात अक्षांश-रेखांश कोंबून, ती तशीच स्टेशनवर आली होती. आज यंत्र निवडायचं होतं. निवडणं तिला आवडायचं. साडीच्या दुकानात ती दुकानदाराला दुसरा ढीग काढू द्यायची नाही. पहिल्या ढिगातली एक उचलायची आणि उठायची. लोक म्हणत, उमाबाईंना घाई फार. घाई नव्हती ती. पाहायचं काय हे आधी ठरलेलं असलं की पाहायला वेळ लागत नाही, एवढंच. नेमबाजीनं तिला दुसरं काही शिकवलं नसेल पण हे शिकवलं होतं.

झाडलेल्या काडतुसाची रिकामी पितळी नळी, म्हणजे पुंगळी, टाकून द्यायची नसते. तिला नवी टोपी बसवायची, आत नवी दारू, तोंडाशी नवी गोळी, की तिचं पुन्हा काडतूस होतं. सरावाला पुरतील एवढी तयार काडतुसं मिळतच नसत, म्हणून खोपोलीच्या रायफल क्लबातले बहुतेक जण रीतसर परवाना काढून घरीच काडतुसं भरत, आणि उमाही भरत असे. पण त्यात एक चिकाटीचं काम होतं. गोळी सुटताना आतल्या दाबानं पितळ ताणतं, पुंगळी केसभर लांब होते, आणि दर वेळी ती मापात कापून घ्यावी लागते — तोंड सपाट, सगळ्यांचं सारखं. एक लांब, एक आखूड, एकीचं तोंड तिरकं, असं झालं की प्रत्येकीतून गोळी वेगळी सुटते, आणि इथल्या त्या केसभराचा पलीकडे, तीनशे मीटरवर, वीतभर होतो.

हे कापण्याचं काम गोपाळरावांचं. तिच्या नवऱ्याचं.

गोपाळरावांनी रायफल उभ्या जन्मात एकदाच झाडली होती — लग्नानंतर, कडावच्या पुढं डोंगराच्या पायथ्याशी क्लबाचा जो नेमबाजीचा पट्टा आहे तिथं — आणि खांदा चोळत खळखळून हसले होते. पुन्हा कधी हात लावला नाही. कर्जतच्या बाजारात त्यांचं औषधांचं दुकान. मुलगी पाहायला आले तेव्हा उमानं वडीलधाऱ्यांसमोर सांगून टाकलं होतं की मी रायफल चालवते, लग्नानंतरही चालवणार; आणि सगळे एकमेकांची तोंडं बघत असताना हा माणूस एवढंच म्हणाला होता, "आवाजानं कानाला त्रास होतो का हो?" तिथंच निवड झाली. पहिल्याच ढिगात.

...आणि मग कधीतरी, कसं ते आठवत नाही, कापणीचं हातयंत्र त्यांच्याकडे गेलं. संध्याकाळी दुकानातून आल्यावर ते टेबलाच्या कडेला यंत्र आवळायचे, पुंगळी बसवायचे, दांडा फिरवायचे. पितळेचा बारीक सोनेरी कीस वर्तमानपत्रावर पडायचा. मग दाढीच्या जुन्या ब्रशनं पुंगळी बसायची जागा झाडायची आणि दुसरी पुंगळी. समोर उमा पोरांच्या वह्या तपासायची. बोलणं फारसं नाही. दांड्याची करकर, लाल पेन्सिलीची खसखस. मूलबाळ झालं नाही, त्याचं जे काही दुःख होतं ते या दोन आवाजांच्या मधे कुठंतरी जिरून गेलं असावं. आपला संसार कसा आहे असं कुणी विचारलं असतं तर तिनं ते टेबलच दाखवलं असतं.

केळवली गेलं. एक बाई भाजीची पाटी घेऊन चढली, पाटी बाकाखाली सरकवून डोळे मिटून बसली.

उन्हाळ्यात पुण्याला स्पर्धा होती. उमाचा हात त्या दिवशी असा बसला होता की गोळी सुटायच्या आधीच तिला ठाऊक असायचं, कुठं जाणार. आणि मधेच एक गोळी वर डावीकडे गेली. कारण नसताना. नेमबाजाला आपली चूक कळते. घोडा हिसक्यानं ओढला गेला, श्वास हलला, पापणी लवली — गोळी बाहेर पडायच्या आत कळतं. त्या गोळीत काहीच नव्हतं. नंतर आणखी एक तशीच. राज्याच्या संघातून तिचं नाव गेलं. परत येताना तिला नाव गेल्याचं एवढं लागलं नव्हतं, जेवढं हे लागलं की मी जे पाहिलं ते तिथं नव्हतं. स्वतःच्या शरीरानं पहिल्यांदाच तिला खोटं सांगितलं होतं.

मग तिनं नेहमीसारखं, शांतपणे, कारण शोधलं. चाळिशी आलीय. नाडीचा ठोका आता बोटापर्यंत जाणवत असणार. तिनं पहाटे उठून श्वासाचा सराव सुरू केला. चहानं हात कापतो म्हणतात, चहा सोडला. चहा! — जो तिला सकाळी, दुपारी, वह्या तपासताना, कधीही लागायचा. गोपाळराव तिच्याकडं बघत राहिले होते, आणि म्हणाले होते, "मग मीही सोडतो. एकट्यानं काय प्यायचा." त्या दिवसापासून घरात चहाचं पातेलं पालथंच होतं.

आणि मागच्या महिन्यात, यंत्राचा दांडा फिरवता फिरवता थांबून, ते म्हणाले, "उमा, मोटरवर चालणारं यंत्र घेऊन टाकू. जानेवारीत तुझी निवड-चाचणी. सराव वाढणार. माझ्या हातानं कितीसं होणार?"

"हात दुखतो का तुमचा?"

"छे गं! सोयीचं म्हणून म्हटलं."

तिनं लगेच होकार दिला होता. सोयीचं होतंच. पण त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर काहीतरी टोचलं होतं... कंटाळलेत का हे? इतकी वर्षं माझ्यासाठी दांडा फिरवून? मग तो विचार तिनं कपाटात जुनी चादर ठेवावी तसा घडी घालून ठेवून दिला. चाचणी होऊ दे. मग बघू.

खोपोलीला उतरून ती साजगावच्या रस्त्यानं चालायला लागली. कारखान्याच्या भिंतीला लागून सायकलींची रांग, धुराचा तुरट वास, आणि पलीकडे लगेच भाताची खाचरं. धर्माजीचं पत्र्याचं वर्कशॉप रस्त्यालगतच होतं. धर्माजी फौजेत हत्यारं दुरुस्त करणाऱ्या तुकडीत होता, मग इथल्या एका कारखान्यात टर्नर, आणि आता स्वतःचा मालक. क्लबाच्या सगळ्या रायफली दुरुस्तीला त्याच्याकडेच येत. केसांना कलप, इस्त्रीचा शर्ट, आणि लेथच्या वर बाबासाहेबांच्या तसबिरीला रोज ताजी झेंडूची माळ.

"या बाई, या! दोनी नवऱ्या नटवून बसवल्यात. बगा कोनची पसंत पडती."

"आवं, बाईंशी काय बोलताय!" आतून त्याच्या बायकोचा, मालनबाईचा आवाज आला. "बाई, च्या टाकते हां."

"चहा नको मालनबाई. सोडलाय मी."

"च्या सोडला?" मालनबाई पदराला हात पुसत दारात आली आणि कुणी गेल्याची बातमी ऐकावी तशी बघत राहिली. "बरं नाय का काय?"

"बरं आहे. पाणी द्या."

टेबलावर दोन यंत्रं होती. एक परदेशी — इथल्या कारखान्यात कामाला आलेला कुणी गोरा इंजिनिअर मायदेशी जाताना विकून गेलेलं. राखी रंगाचं, गुळगुळीत, आटोपशीर. पुंगळी हातात धरून भोकात दाबायची, आतलं पातं फिरतं आणि मापापर्यंत कापून आपोआप थांबतं, तोंडाची आतली-बाहेरची कडही त्याच फेऱ्यात साफ होते. दुसरं धर्माजीनं स्वतः बनवलेलं. बिडाचं जाडजूड बूड, हिरवा रंग, शिवणयंत्राची मोटर, पट्टा, आणि बाजूला एक तरफ. पुंगळी आडवी बसवायची, तरफ ओढायची, ती अडली की कापणं झालं.

उमानं पर्स खुंटीला अडकवली, पदर खोचला आणि विचारायला सुरुवात केली. तिला माहीत होतं काय विचारायचं ते. दिसायला कसं आहे हे शेवटी. आधी, मापाचा अडथळा सरकतो का. शंभर पुंगळ्यांनंतरही तिथंच राहतो का. मोटर तापते का. पातं बोथट झालं तर काय.

"ह्या गोरीचं पातं तिच्या देशातनं मागवायचं," धर्माजी म्हणाला. "हिचं मी हितंच घासून देतो. अन् गोरीला ट्रान्सफॉर्मर लागतो, तो मी दिलाय. पन सांजच्याला कर्जतची वीज मंदावली, का ही रडती. फिरती, पन रडती."

"आणि ही?"

"हिला गरिबीची सवय हाय."

उमा हसली. कापायच्या पुंगळ्या तिनं वेगळ्या आणल्या होत्या. थोड्या या यंत्रावर कापल्या, थोड्या त्या. गोरी झपाझप कापत होती. हातात एक गोड थरथर यायची आणि संपायचं. हिरव्या यंत्राला वेळ लागायचा. मग धर्माजीचा केसभराचं माप दाखवणारा व्हर्नियर घेऊन तिनं स्वतः मापं घेतली. गोरीच्या सगळ्या एका रेषेत. हिरव्याची एक किंचित उणी.

"किंचित हाय," धर्माजी मान्य करत म्हणाला. "लपवायचं कशाला. पन तुमाला पायजे त्याच्या आतच हाय."

"आत आहे," उमा म्हणाली. मनात गोरी जवळजवळ ठरली होती. वीज मंदावली तर पहाटे कापता येतील. एका रेषेत म्हणजे एका रेषेत.

"तुमच्या हातमशीनवरच्या आनल्यात न्हवं? त्या ठेवा शेजारी. मंजी फरक डोळ्याला दिसंल."

तिनं कापडी पिशवीची नाडी सोडली. हा फरक दाखवायला तिला आवडणार होतं — गोपाळरावांचा हात काय आहे ते धर्माजीलाही कळू दे. मोटर नसताना, निव्वळ दांडा फिरवून... तिनं पहिली पुंगळी मापली. ठीक. दुसरी मापली. थांबली. पुसून पुन्हा मापली. तिसरी. चौथी. धर्माजी आधी गमतीनं बघत होता, मग त्यानं एक पुंगळी उचलली, तोंड खाली करून काचेच्या तुकड्यावर उभी केली आणि टिचकी मारली. पुंगळी डुगडुगली. उंचसखल जमिनीवर पाट हलतो तशी.

"तिरकी गेलीय," तो म्हणाला. दुसरी उभी केली. ती सरळ. तिसरी डुगडुगली. "ह्या कुनी कापल्या?"

"मी," उमा म्हणाली.

तिला स्वतःलाच कळलं नाही, का. शब्द आधी आला, ती मागून पोचली.

"तुमी? मग बाई, रागावू नका, पन तुमाला चष्मा लागलाय." धर्माजीनं एका पुंगळीचं बूड तिच्यासमोर धरलं. बुडाच्या कडेला एक बारीक ओरखडा होता, रुतून बसल्यासारखा. "ह्ये बगा. आदल्या पुंगळीचा कीस बसायच्या जागंत ऱ्हायला, अन् त्याच्यावरच पुढची बसवली. मंग ती तिरकीच बसनार, तिरकीच कापनार. ह्यो कीस दिसाय पायजे होता. डोळं तपासून घ्या एकदा."

"घेते."

"असल्या पुंगळ्यांनी नेम लागला तर मला सांगा. मधीच एकादी कुटंबी जानार. तुमी किती बी सरळ धरा."

मधेच एखादी. वर, डावीकडे. कारण नसताना.

...म्हणजे ते माझं नव्हतं! — पहिल्यांदा हेच आलं, आणि जोरानं आलं. माझा श्वास नव्हता, नाडी नव्हती, चाळिशी नव्हती. मी जे पाहिलं ते तिथंच होतं. माझं शरीर खोटं बोललं नाही. किती महिने मी त्याच्यावर संशय घेतला, पहाटे उठून त्याला दम दिला, त्याचा चहा तोडला... अंगातून काहीतरी सैल होत खाली गेलं, आणि तिला मोठ्यानं हसावंसं वाटलं.

"मालनबाई," तिनं हाक मारली, "चहा टाका."

"आता गं बया?"

"टाका तर. गोड करा."

चहा कपबशीत आला. पहिल्या घोटाला जीभ पोळली, आणि त्या पोळण्यातही सुख होतं. धर्माजी परदेशी यंत्राचं पातं पुसत होता. बाहेरून एक टेंपो धडधडत गेला, पत्रे थरथरले. आणि दुसऱ्या घोटाबरोबर, जणू तो आवाज ओसरायचीच वाट बघत होता तसा, दुसरा विचार आला.

कीस दिसायला पाहिजे होता.

तो ब्रश. दाढीचा जुना ब्रश. तो शेवटचा कधी पाहिला? टेबलावर असतोच की... ते झाडतात की... झाडतात, हो, हात फिरतो, पण त्या जागेवरून फिरतो की जरा बाजूनं? मी कधी पाहिलंय? मी वह्या तपासत होते. आणि पेपर. सकाळचा पेपर हल्ली मी वाचून दाखवते. "तूच वाच गं, तुझ्या आवाजात बातम्या बऱ्या वाटतात," असं म्हणाले होते, आणि मी, या वयात, लाजले होते. सायकल सोडली — पाय भरून येतात म्हणून. गेल्या आठवड्यात शर्टाची बटणं एकानं चुकली होती आणि मी ती काढून पुन्हा लावली, आणि ते हसत उभे राहिले, लहान मुलासारखे. आणि ते दुकान! अरे देवा, ते दुकान... बाटल्यांवरची ती मुंगीएवढी अक्षरं...

कप बशीत टेकताना वाजला.  

एकेक गोष्ट ती उचलून पाहू लागली, पिशवीतल्या पुंगळ्यांसारखी, आणि प्रत्येकीचं तोंड आता वेगळं दिसत होतं. जिला जिला मी लाड समजले ती ती लपवाछपवी? की दोन्ही? डोळ्यांनी अधू होताना माणसाला बायकोचा आवाज ऐकावासा वाटू शकत नाही का? ...आणि यांना पुंगळ्यांचं माहीत होतं का? यंत्र घेऊन टाकू, म्हणाले. ते कंटाळ्यानं नव्हतं तर! पण मग पुण्याहून मी रडवेली आले तेव्हा? पहाटे मी खिडकीत उभी राहून श्वास मोजत होते आणि हे जागे होते, मला माहीत होतं जागे आहेत ते. एक वाक्य बोलायचं होतं. उमा, तुझं काही चुकलं नाही. एवढंच. त्याऐवजी चहा सोडला.

राग आला. सरळ, स्वच्छ राग. तिला तो ओळखीचा होता आणि त्याची भीती नव्हती. पण तो कुठं रोखायचा ते कळेना. समोर धरावा तर समोर तो माणूस होता जो, आपल्याच चुकीची शिक्षा म्हणून की काय, रोज सकाळी चहाऐवजी कोमट दुधाचा पेला तोंड वाकडं करत रिकामा करत होता. दूध त्यांना आवडत नाही. कधीच आवडत नव्हतं.

"काय मंग, गोरीच ना?" धर्माजी म्हणाला. "म्यां ओळखलंय. तुमाला रेषेतलंच लागतं."

"थांबा जरा. तुमचं पुन्हा चालवून दाखवा."

"दाखवतो की." धर्माजी खूश झाला. मोटर सुरू केली, पुंगळी बसवली. "ह्याची खरी गंमत सांगतो बाई. ही बसायची जागा मी खालनं उगडी ठेवलीय. कीस ऱ्हातच नाय, गळून जातो. अन् माप तरफेत हाय, डोळ्यात नाय. अडली, का झालं. ह्ये बगा, डोळं मिटून करतो!" आणि त्यानं खरंच डोळे मिटले, मान वर करून, भजनात रंगल्यासारखी, आणि तरफ ओढली. टक्. पुंगळी काढली, दुसरी बसवली. टक्.

"बास करा, बोटं कापाल!" मालनबाई ओरडली.

"नाय कापत गं! पातं आत हाय."

उमा पुढं झाली. "सरका," ती म्हणाली, आणि त्याच्या स्टुलावर बसली. पुंगळी हातात घेतली आणि डोळे मिटले. अंधारात मोटरीची घरघर मोठी झाली. अंगठ्यानं बसायची जागा चाचपली. ती सापडली, पुंगळी आपण होऊन तिथं घसरली. तरफ. पितळ कापलं जातानाची ती बारीक ओढ मनगटात आली — हेच येत असेल का त्यांना, इतकी वर्षं, दांड्यातून? — आणि मग टक्. मनगटालाच कळलं. तिनं आणखी एक केली. आणखी एक. डोळे न उघडताच तोंडाच्या कडेवरून बोट फिरवलं. बोट कुठंही अडखळलं नाही.

"हे घेते," तिनं डोळे उघडून सांगितलं.

"ह्ये?" आपलंच यंत्र निवडलं गेलं यावर धर्माजीचा विश्वास बसेना. "गोरी जास्त साफ कापती बाई. म्यां खोटं कशाला बोलू."

"मला हवं त्याच्या आत दोन्ही आहेत. मग मला जे चालवायला बरं वाटतं ते मी घेणार."

हे खरं होतं, आणि पुरेसं होतं. तिनं ते नेहमीच्याच आवाजात सांगितलं. उद्या रविवारी धर्माजी स्वतः यंत्र घेऊन येणार होता, टेबलाला बसवून देणार होता. निघताना त्यानं पुन्हा बजावलं, "अन् डोळ्याचं ध्यानात ठेवा. मोतीबिंदू असंल तर ऑपरेशन होतं आता. माझ्या मेव्हन्याचं झालं पनवेलला. घाबरायचं काय न्हाय."

"नाही घाबरत," ती म्हणाली.

परतीच्या गाडीत तिनं पिशवी उघडली नाही. संध्याकाळचं ऊन डोंगराच्या कड्यावर चढत गेलं आणि खाली खाचरांत निळसर सावली साचायला लागली. चालवायला बरं वाटतं, म्हणाले मी. कुणाला? उद्या त्या टेबलापाशी कोण बसणार? मी बसेन, हे सोपं आहे; चाचणी माझी, पुंगळ्या माझ्या. किंवा ते बसतील, डोळे उघडे ठेवून, आणि मी समोर वह्या तपासेन, आणि टक् टक् होत राहील, आणि कुणीच कुणाला काही विचारणार नाही, आणि नेम बसेल. तेही जमेल. भयंकर सुंदर जमेल... लौजी, डोलवली; स्टेशनं येत होती आणि जात होती, आणि तिला आश्चर्य वाटत होतं की आपण एवढे हललोय तरी आतून पडलेलो नाही. सकाळी घरून निघताना जी खात्री होती ती अजून आहेच. फक्त ती आता दुसऱ्याच कशावर तरी टेकलीय.

कर्जतला उतरून ती घरी न जाता बाजारात वळली. दुकानापाशी येऊन थांबली, पलीकडच्या बाजूला, कापडवाल्याच्या पायरीशी. गोपाळराव काउंटरमागं होते. समोर ठकूबाई — कडावची म्हातारी, दूध घालायला रोज येणारी — हातात डॉक्टरची चिठ्ठी घेऊन उभी होती.

"नातवाला खोकला हाय सायेब. रातभर झोपू देत नाय."

गोपाळरावांनी चिठ्ठी घेतली, तिच्यावरून नजर फिरवल्यासारखं केलं आणि मागं हात केला. "धाऊ, वाच बरं मोठ्यानं. मी काढतो."

धाऊ, दुकानातला जुना नोकर, चिठ्ठी वाचू लागला. गोपाळराव वळले, हात सरळ फळीवर गेला, तिसऱ्या बाटलीवर, न चाचपता. बाटली त्यांनी धाऊपुढं धरली. धाऊनं लेबल पाहिलं, वाचलं, मान हलवली, "बरोबर." मगच ती ठकूबाईच्या हातात गेली. सगळं इतकं सहज की कुणाला वाटावं, दोघांचा हा वर्षानुवर्षांचा रिवाज आहे. उमानं श्वास सोडला. म्हणजे यांनी बंदोबस्त केलाय. कुणाच्या नातवाला चुकीची बाटली जाणार नाही असा पक्का बंदोबस्त. म्हणजे माहीत आहे यांना. धाऊलाही माहीत आहे. घरात मात्र...

ती रस्ता ओलांडून गेली. ती पायरीवर चढायच्या आतच, मान वर न करता, ते म्हणाले, "आलीस? कोणतं ठरवलंस?"

"धर्माजीचं."

"आणि ते परदेशी?"

"चांगलं होतं. पण आपल्याकडच्या विजेला ते रडतं, म्हणाला."

"हं." ते काउंटरवरचे कागद सारखे करत होते, कडा जुळवत होते, बोटांनी. धाऊ पोतं आवरायला आत गेला. रस्त्यावर दिवे लागत होते. कागद जुळले तरी बोटं थांबली नाहीत, आणि मग तिच्या चेहऱ्याच्या थोडं बाजूला, जिथं तिचा आवाज होता तिथं बघत, त्यांनी अगदी हलक्यानं विचारलं, "माझ्या पुंगळ्या दाखवल्यास त्याला?"

दाखवल्या. — शब्द तयार होता. त्याच्यामागं दुसरेही तयार होते, ओळीनं. रायफलीच्या घोड्याला दोन दाब असतात. पहिला दाब घेतला की बोट एका जागी येऊन थांबतं, तिथून पुढं केसभर, आणि मग परत घेता येत नाही. नवशिके तिथंच घाबरतात आणि ओढून टाकतात. तिला त्या जागी थांबता येत असे. किती वेळ थांबायचं हे कुणी शिकवत नाही. तेवढ्या वेळात आपला श्वास ऐकू येतो, वारा कळतो, आणि कधी कधी बोट उचलून रायफल सरळ खाली ठेवावीशी वाटते, आणि त्यातही कमीपणा काही नसतो, पुन्हा पहिल्यापासून धरता येते.

ते वाट बघत होते. पापणीही न लवता, नीट, सगळा चेहरा तिच्याकडे करून. एवढ्या वर्षांत हा माणूस माझ्या उत्तराला कधी भ्यायला नव्हता... आणि आताही भीत नाहीय, तिच्या एकदम लक्षात आलं, विचारलं त्यांनीच. उमा काउंटरपाशी उभी राहिली. पुढच्या क्षणी आपण काय बोलणार हे तिला ठाऊक नव्हतं, कदाचित आयुष्यात पहिल्यांदाच, आणि तरी हात स्थिर होता, श्वास खाली उतरत होता, सावकाश, अगदी हवा तसा.